महापुरावर तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं: पंचगंगेचं मॉडेल नव्या एचईसी-एचएमएसमध्ये नेताना

पंचगंगा खोऱ्याचं आमचं पूर-मॉडेल एचईसी-एचएमएस (थोडक्यात एचएमएस) या पावसावरून नदीचा प्रवाह काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ४.२.१ आवृत्तीत बांधलेलं होतं आणि ते बिनतक्रार चालत होतं. चालत्या मॉडेलला हात लावायची हौस कुणालाच नसते. पण हे मॉडेल ज्या दोन कुबड्यांवर उभं होतं, त्यातली एक जाणार हे उघड होतं. एचएमएस स्वतः फुकट मिळतं आणि अजूनही सुधारतं आहे. मात्र पाणलोटाच्या सीमा आखण्याचं, उतार-लांब्या काढण्याचं सगळं काम आम्ही जिओ-एचएमएस नावाच्या जोडसाधनात करायचो, आणि ते चालायचं आर्कमॅप या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या आत. आर्कमॅपचा आधार १ मार्च २०२६ ला संपणार, हे एसरी कंपनीने आधीच जाहीर केलेलं होतं. त्याच्या जागी आलेल्या आर्कजीआयएस प्रोमध्ये जिओ-एचएमएस चालत नाही. एचएमएस बनवणाऱ्या अमेरिकी लष्करी अभियंत्यांच्या डेव्हिस इथल्या केंद्राने तर जिओ-एचएमएसचं काम ४.४ आवृत्तीपासून एचएमएसच्या पोटातच घेतलं आहे. त्यात कार्यालयात आलेल्या नव्या संगणकांवर आर्कमॅप नव्हताच, आणि ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांना चालू आवृत्तीत उघडेल असं मॉडेल हवं होतं. मग ४.१२ वर जायचं ठरलं.

या स्थलांतरात काय झालं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. बटणं कुठे गेली हा भाग थोडक्यात उरकतो, कारण ती सापडतात. सापडत नाही ते वेगळंच असतं.

खोरं आणि मॉडेल

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीच्या कडेवरून पूर्वेकडे उतरतात. त्या सगळ्यांचं पाणी एकत्र येतं प्रयाग चिखलीला, आणि पंचगंगा कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. खोरं फार मोठं नाही, पण पावसाचा फरक प्रचंड आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. जमीनही तशीच बदलत जाते: पश्चिमेला जांभा आणि तांबडी माती, पूर्वेला काळी.

कोल्हापूरकर पुराचं माप घेतात राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांना वाटलं होतं की यापेक्षा मोठा पूर आपल्या हयातीत येणार नाही.

मॉडेल साध्या घडणीचं. पावसातून वाहून जाणारा हिस्सा काढायला एससीएस कर्व्ह नंबर (माती आणि जमीनवापरावरून ठरणारा आकडा, जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहतं), उपपाणलोटातून पाणी नदीत यायला एससीएस युनिट हायड्रोग्राफ, नदीत पुढे सरकायला मस्किंगम-कंज. राधानगरीसारखी धरणं जलाशय म्हणून घातलेली. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांचं वागणं मॉडेलमध्ये बसवणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो इथे नको.

बटणं

जुनी कामाची पद्धत अशी होती. आर्कमॅपमध्ये आर्क हायड्रोचा मेनू उघडायचा आणि वरून खाली एकेक ओळ चालवत यायची. फिल सिंक्स, फ्लो डायरेक्शन, फ्लो अॅक्युम्युलेशन, स्ट्रीम डेफिनिशन, स्ट्रीम सेगमेंटेशन, कॅचमेंट ग्रिड आणि पुढचं. प्रत्येक पायरीला एक नवा थर नकाशावर येऊन पडायचा. त्यानंतर जिओ-एचएमएसमध्ये प्रकल्प तयार करायचा, नदीची लांबी, खोऱ्याचा उतार, सर्वांत लांब प्रवाहमार्ग काढायचा, कर्व्ह नंबर घालायचा, आणि शेवटी ते सगळं एचएमएसच्या फाइलींत निर्यात करायचं. कंटाळवाणं काम, पण मेनूचा क्रम हीच तपासयादी होती. एखादी पायरी गाळली तर पुढची चालायचीच नाही.

नव्या एचएमएसमध्ये हेच काम जीआयएस नावाच्या एका मेनूत आलं आहे. आधी कॉम्पोनंट्स मेनूतून टेरेन डेटा तयार करायचा, तो बेसिन मॉडेलला जोडायचा, मग प्रीप्रोसेस सिंक्स, प्रीप्रोसेस ड्रेनेज, आयडेंटिफाय स्ट्रीम्स, जिथे पाणलोट तोडायचा तिथे ब्रेक पॉइंट, आणि डेलिनिएट एलिमेंट्स. पायऱ्या अर्ध्यावर आल्या.

सुरुवातीला सगळ्यांची गाडी एकाच जागी अडली: मेनू उघडावा तर सगळे पर्याय धूसर. सॉफ्टवेअर बिघडलं आहे असं वाटून एकाने ते पुन्हा टाकलंसुद्धा. प्रत्यक्षात बेसिन मॉडेल निवडून त्याचा नकाशा समोर उघडा असावा लागतो, त्याला टेरेन जोडलेलं असावं लागतं आणि निर्देशांक प्रणाली ठरलेली असावी लागते. उंचीची रास्टर फाइल (चौकोनाचौकोनाने उंची देणारा नकाशा) अक्षांश-रेखांशात असेल तर ती आधीच क्यूजीआयएसमध्ये यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपात आणून ठेवावी, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न येत नाहीत. कोल्हापूर काय, पुणे काय, नागपूरकडचा पूर्व भाग सोडून आपला बराचसा महाराष्ट्र याच पट्ट्यात बसतो.

एका बाबतीत नवी मांडणी जुन्यापेक्षा सरस वाटली. उंची-नकाशातले पाणी अडवणारे खड्डे भरल्यानंतर कुठे किती खोलीचा भराव पडला याचा थर ती आपणहून दाखवते. प्रयाग चिखलीच्या अलीकडे-पलीकडे जमीन इतकी सपाट आहे आणि उसाने इतकी भरलेली आहे की ३० मीटरच्या उंची-नकाशात नदीचं पात्र मध्येच हरवतं. भरावाचा थर बघितला की नेमकी कुठे नदी जमिनीत कोरून घ्यावी लागणार ते लगेच समजतं. जुन्या पद्धतीत हा थर हवा असेल तर दोन रास्टरची वजाबाकी हाताने करावी लागायची, म्हणून कुणी करायचं नाही.

डब्ल्यू ४८०

पहिला खरा पेच नावांचा. जिओ-एचएमएस उपपाणलोटांना स्वतःच नावं देतं: डब्ल्यू ३४०, डब्ल्यू ३५०, डब्ल्यू ३६० अशी, दहा-दहाच्या उड्यांनी. नावं म्हणून भिकार आहेत, पण वर्षानुवर्षं वापरली की अंगवळणी पडतात. आमच्याकडे "डब्ल्यू ४८० चा पाऊस आला का?" असं विचारलं की समोरच्याला कुंभीचा वरचा भाग कळतो. पावसाच्या मापकांची वजनं, कर्व्ह नंबरचे तक्ते, धरणांचे आकडे, जुने अहवाल, सगळं त्या क्रमांकांना बांधलेलं.

नव्या एचएमएसमध्ये पाणलोट नव्याने आखले तर नावं येतात सबबेसिन-१, सबबेसिन-२. आखणी वेगळी, क्रम वेगळा, सीमाही थोड्या वेगळ्या. मग मापकांची वजनं कोणत्या सबबेसिनला लावायची? एकेक नकाशा शेजारी ठेवून जुळवायचं म्हटलं तर जुळेलही, पण जुन्या अहवालातला कुठलाही आकडा नव्या मॉडेलशी ताडून बघता येणार नाही.

इथे कार्यालयात दोन तट पडले. तरुण मंडळींचं म्हणणं, नवं साधन आहे तर नव्याने आखू, जुनं ओझं कशाला. आमचे थोरले सर खात्यातून निवृत्त होऊन सल्लागार म्हणून आलेले. ते शांतपणे म्हणाले, "आखा की. पण मग दोन्ही मॉडेलांत फरक आला तर तो सॉफ्टवेअरचा, सीमेचा की तुमचा, हे मला कोण सांगणार?"

मुद्दा बिनतोड होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून ठरलं की जुना प्रकल्प जसाच्या तसा नव्यात उघडायचा. एचएमएस जुना प्रकल्प उघडताना त्याचं रूपांतर करतं आणि मग तो जुन्या आवृत्तीत परत उघडता येत नाही, म्हणून आधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढून जुन्या संगणकावर कुलूपबंद केली. रूपांतरानंतर घटक, नावं आणि गुणांक शाबूत राहिले. फक्त नकाशाशी नातं तुटलेलं होतं. ते जोडायला जीआयएस मेनूत असलेल्या घटकांना भूसंदर्भ देण्याची सोय आहे: जिओ-एचएमएसमधून राहिलेली उपपाणलोटांची शेपफाइल (सीमा साठवलेली नकाशा-फाइल) दाखवायची, कुठल्या रकान्यात नाव आहे ते सांगायचं, की डब्ल्यू ४८० ची सीमा डब्ल्यू ४८० ला जाऊन चिकटते. आमची शेपफाइल जपून ठेवलेली होती हे नशीब.

तुलना, आणि ती का फसवी निघाली

पुढची पायरी कुणालाही सुचेल अशी. ऑगस्ट २०१९ चा पाऊस दोन्ही आवृत्त्यांत घालायचा आणि राजाराम बंधाऱ्यापाशी येणारा विसर्ग पडताळायचा. निव्वळ रूपांतरित मॉडेल जुन्याशी तंतोतंत जुळलं, तसं ते जुळायलाच हवं होतं. गणित तेच आहे.

पण निव्वळ रूपांतर करून थांबता येत नव्हतं. खोऱ्याच्या पश्चिम कडेला उंची-नकाशा सुधारून मिळाला होता आणि तिथल्या उपपाणलोटांचे उतार, लांब्या नव्याने काढायच्या होत्या. ते काम आता एचएमएसमध्येच होतं: पॅरामीटर्स मेनू, कॅरॅक्टरिस्टिक्स, सबबेसिन. एका फटक्यात तक्ता समोर येतो. सर्वांत लांब प्रवाहमार्गाची लांबी किलोमीटरमध्ये, त्याचा उतार, मध्यबिंदूपासूनचा मार्ग, खोऱ्याचा उतार, उंचीतला फरक, प्रवाहघनता, सगळं एका रांगेत. जुन्या पद्धतीत यासाठी पाच-सहा वेगवेगळी साधनं चालवावी लागायची. तक्ता पाहून सगळे खूश झाले. त्यातले आकडे उचलून आमच्या जुन्या एक्सेलमध्ये टाकले, लॅग (पाऊस पडल्यापासून उपपाणलोटाचं शिखर येईपर्यंतचा उशीर) निघाले, ते एचएमएसमध्ये भरले.

पुन्हा २०१९ चालवलं. शिखर थोडं खाली आलं, थोडं उशिरा आलं. "उंची-नकाशा बदललाय, फरक येणारच," असं म्हणून कुणीतरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे मोजलेल्या विसर्गाशी जुळेपर्यंत गुणांक आपोआप बदलण्याची सोय, लावायच्या तयारीत होतं. लावलं असतं तर कर्व्ह नंबर दोन-चार अंकांनी वर गेला असता, आलेख मोजलेल्या विसर्गावर छान बसला असता, मॉडेल मोजमापाशी किती जुळतं ते सांगणारा नॅश-सटक्लिफचा आकडाही झकास आला असता, आणि चूक कायमची गाडली गेली असती.

ती बाहेर आली आमच्या ज्युनिअरमुळे. तिला राजाराम बंधाऱ्यावरचा आलेख बघण्यात रस नव्हता. ती प्रत्येक उपपाणलोटाचा आलेख उघडून बघत होती. ती सरांच्या टेबलाशी येऊन म्हणाली,

"सर, गगनबावड्यात पडलेलं पाणी कुंभीत यायला एक अख्खा दिवस लावतंय."

"गगनबावड्याचं पाणी कधी कुणासाठी थांबलंय का? उतार काय धरलास?"

"तक्त्यातलाच. शून्य पॉइंट एक सहा."

"सोळा म्हण की. शून्य पॉइंट कशाला?"

गोम तिथेच होती. जिओ-एचएमएस खोऱ्याचा सरासरी उतार टक्क्यांत देतं. नवं एचएमएस तोच उतार मीटरला मीटर, म्हणजे साध्या गुणोत्तरात देतं. रकान्याचं नाव दोन्हीकडे बेसिन स्लोप. आणि लॅगच्या सूत्रात उतार टक्क्यांतच लागतो. सूत्र असं:

लॅग (तास) = लांबी^०.८ × (एस + १)^०.७ ÷ (१९०० × √उतार)

यात लांबी फुटांत, एस (संभाव्य धारणा, म्हणजे जमीन धरून ठेवू शकेल तेवढं पाणी, कर्व्ह नंबरवरून निघते) इंचांत, उतार टक्क्यांत. वर्गमुळामुळे शंभरपट चूक दहापट होऊन बाहेर येते, आणि तीच जास्त धोकादायक, कारण शंभरपट चूक कुणाच्याही डोळ्यांत भरली असती.

आकडे घालून बघा. लांबी २० किमी म्हणजे सुमारे ६५,६०० फूट. कर्व्ह नंबर ८० धरला तर एस येतो २.५ इंच. उतार १६ टक्के घातला तर लॅग सव्वादोन तास, म्हणजे १३५ मिनिटं. ०.१६ घातला तर साडेबावीस तास. एचएमएसला लॅग मिनिटांत भरायचा असतो. रकान्यात १३५ आणि १३५५ हे दोन आकडे शेजारी असते तर कुणी चूक पकडली असती. एकटा १३५५ दिसला की डोळ्यांना तो नुसता एक आकडा असतो, त्यात साडेबावीस तास दिसत नाहीत.

मग २०१९ च्या पुरात हे उघडं का पडलं नाही? मला या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचा वाटलेला भाग हा. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटमाथ्यावर पाऊस दिवसचे दिवस कोसळत होता. पाऊस असा सलग, जवळपास एकसारखा पडत राहिला की उपपाणलोट पाणी दोन तासांनी सोडतो की बावीस तासांनी, याने खालच्या आलेखाचा आकार फारसा बदलत नाही. सगळं एकात एक मिसळून जातं. वर आम्ही उतार बदलले होते फक्त पश्चिमेच्या उपपाणलोटांचे, बाकीचे बरोबरच होते. त्यामुळे दहापट चूक खाली येईपर्यंत "थोडा फरक" एवढीच उरली. महापूर ही मॉडेलची सर्वांत कठोर परीक्षा असते असं आपण धरून चालतो. गुणांकांच्या चुका शोधायच्या असतील तर ती सर्वांत सैल परीक्षा आहे.

सरांनी मग जुन्या पठडीतली एक चाचणी करायला लावली. सगळ्या उपपाणलोटांची लॉस मेथड (जमिनीत मुरणारं पाणी वजा करणारा भाग) बंद करायची, म्हणजे पडेल तेवढं पाणी वाहणार, आणि पूर्ण खोऱ्यावर एका तासात १० मिमी पाऊस पाडायचा. बाकी काही नाही. प्रत्येक उपपाणलोटाचं शिखर कधी आणि केवढं येतं ते जुन्या-नव्यात समोरासमोर लिहायचं. वरच्या उदाहरणातला पाणलोट १०० चौरस किमीचा असेल तर बरोबर लॅगने शिखर पाऊस सुरू झाल्यापासून पावणेतीन तासांनी, साधारण ७६ क्युमेकचं (सेकंदाला घनमीटर) येतं. चुकीच्या लॅगने तेवीस तासांनी, ९ क्युमेकचं. इथे मिसळून जायला काही उरतच नाही. असा पाऊस निसर्गात पडत नाही, आणि म्हणूनच तो या कामाला चांगला.

रिकामा रकाना

या चाचणीने लॅग पकडला, पण ती लॉस बंद करून केली असल्याने लॉसमधली चूक तिला दिसणं शक्यच नव्हतं. ती वेगळी शोधावी लागली.

पश्चिमेचे दोन उपपाणलोट नव्या उंची-नकाशामुळे तोडून पुन्हा जोडले होते. ते नव्याने तयार झालेले घटक असल्यामुळे त्यांचे गुणांकांचे रकाने रिकामे आले. कर्व्ह नंबर भरला, कारण त्याशिवाय मॉडेल चालतच नाही. प्रारंभिक शोषणाचा (पाणी वाहू लागण्याआधी जमिनीत जिरणाऱ्या पावसाचा) रकाना तसाच राहिला. तो रिकामा असला तरी एचएमएस काही बोलत नाही. स्वतःच संभाव्य धारणेच्या ०.२ पट, म्हणजे ०.२ एस धरून पुढे जातं. हे नव्या आवृत्तीचं वागणं नाही, जुन्यातही असंच होतं. फरक इतकाच की आधी हा आकडा जिओ-एचएमएसच्या तक्त्यातून आपोआप भरून यायचा, त्यामुळे तो रकाना रिकामा असू शकतो हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

०.२ हा अमेरिकी प्रघात. भारतातल्या मातींसाठी आपल्याकडे वेगळं वापरतात: काळ्या मातीला, ती आधीच मध्यम किंवा जास्त ओली असेल तेव्हा, ०.१ एस, बाकी सर्व मातींना ०.३ एस. घाटमाथ्याच्या जांभ्या मातीला ०.३. जलविज्ञान शिकलेल्या कुणालाही हे पाठ असतं, तरी रिकाम्या रकान्याने चकवलं.

याचा परिणाम किती? कर्व्ह नंबर ७० असेल तर एस सुमारे १०९ मिमी. एका वादळात ६० मिमी पाऊस पडला तर ०.३ एस धरून वाहून जाणारं पाणी साडेपाच मिमी, ०.२ धरून जवळपास दहा, ०.१ धरून पंधरा मिमीच्या थोडं वर. म्हणजे चुकीच्या रकान्याने पाणी जवळजवळ दुप्पट. आता तोच पाऊस ४०० मिमी करा. ०.३ ला २८३ मिमी, ०.२ ला २९४, ०.१ ला ३०४. ०.३ आणि ०.२ मधला फरक चार टक्क्यांच्या आत. पुन्हा तेच: महापुराच्या पावसात चूक विरघळते आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीला उघडी पडते. पण जूनचा पाऊस कोण कॅलिब्रेशनला (गुणांक जुळवायला) घेतं? सगळ्यांना २०१९ हवा असतो.

म्हणून तिसरी तुलना आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीच्या एका मध्यम पुरावर केली, ज्यात नदी इशारा पातळीच्याही खाली होती. निरस काम आहे, अहवालात त्याचा आलेख छापला तरी कुणी बघणार नाही. पण दोन्ही नव्या उपपाणलोटांचा फरक तिथे लगेच दिसला.

कामाची रीत बदलली ती

लोकांच्या जुळवून घेण्याबद्दल थोडं. अशा स्थलांतरात वयस्कर मंडळी मागे पडतात आणि तरुण पुढे जातात असा एक समज असतो. आमच्याकडे मेनू शोधण्यात तरुण पुढे होते यात वाद नाही. ज्युनिअरने तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसाठी जुना पर्याय आणि नवा पर्याय असा दोन रकान्यांचा कागद करून भिंतीवर लावला. सर तो कागद कधी वाचताना दिसले नाहीत. त्यांचा उंदीर आजही नको तिथे क्लिक करतो. पण गगनबावड्याचं पाणी किती वेळात खाली येतं हे त्यांना सॉफ्टवेअरशिवाय ठाऊक आहे, आणि चूक त्या ज्ञानाला अडखळली. ज्युनिअरने विचारलं नसतं तर मात्र ते ज्ञान टेबलाशी तसंच बसून राहिलं असतं. तेव्हापासून प्रत्येक उपपाणलोटाचा लॅग मिनिटांऐवजी तासांत लिहून त्यांच्यासमोर ठेवायचा हा नियमच झाला.

भिंतीवरच्या कागदात मग एक तिसरा रकाना वाढला: एकक. बेसिन स्लोप, आधी टक्के, आता मीटरला मीटर. लॅग, एक्सेलमध्ये तास, एचएमएसमध्ये मिनिटं. नदीचा उतार दोन्हीकडे मीटरला मीटर, म्हणजे इथे काही करायचं नाही, हेसुद्धा लिहिलं आहे, कारण उत्साहाच्या भरात कुणीतरी त्यालाही शंभराने गुणेल. एक्सेलमध्ये उतार एकपेक्षा कमी आला तर तो चौकोन लाल होतो. घाटाखालच्या सपाट भागात एक टक्क्यापेक्षा कमी उतार खरोखर असू शकतो, तेव्हा तो उगाच लाल होतो आणि माणसाला थांबून बघावं लागतं. ते चालतं.

रिकाम्या रकान्यांसाठी ग्लोबल एडिटर कामाला येतो. पॅरामीटर्स मेनूतून लॉसचा तक्ता उघडला की सगळ्या उपपाणलोटांचे गुणांक एका खाली एक दिसतात, आणि रिकामी जागा नजरेत भरते. एकेक घटक उघडून बघत बसलो तर ती दिसत नाही. हा तक्ता जुन्या आवृत्तीतही होता. आम्ही तो फार वापरत नव्हतो, कारण गरज पडायची नाही.

पंचगंगेचं मॉडेल आता ४.१२ मध्ये आहे, जुन्या नावांसकट. नवी मुलं अजूनही डब्ल्यू ४८० म्हणतात आणि त्यांना ते नाव कुठून आलं हे माहीत नाही.

दूधगंगेचं काम पुढे आहे, आणि तिथे हा मार्ग उपयोगाचा नाही. काळम्मावाडी धरणापासून खालचं ते मॉडेल कुणीतरी फार पूर्वी केलं होतं. एचएमएसच्या फाइली आहेत, शेपफाइल कुणाकडेच सापडत नाही. म्हणजे सीमा नव्याने आखाव्या लागणार, नावं बदलणार, आणि सीमेचा फरक आणि सॉफ्टवेअरचा फरक एकत्रच येणार. सरांचं म्हणणं, जुन्या मॉडेलमधली प्रत्येक उपपाणलोटाची क्षेत्रफळं तरी आहेत. नव्या सीमा त्या क्षेत्रफळांना जुळेपर्यंत ब्रेक पॉइंट वर-खाली सरकवत बसायचं. ज्युनिअरला हे पटलेलं नाही. तिच्या मते जुन्या सीमा ज्या उंची-नकाशावर आखल्या तोच चुकीचा होता, तर त्याला जुळवून काय मिळवायचं. तूर्तास एक तास १० मिमी पावसाची चाचणी जुन्या दूधगंगेवर चालवून आकडे काढून ठेवले आहेत. आर्कमॅपचा शेवटचा संगणक त्यासाठीच अजून कोपऱ्यात चालू ठेवला आहे.